टाचणी न लागलेलं कार्ड

२ फेब्रुवारी

ती. आत्या,

आधी नमस्कार आणि मग बातमी, हा नियम तूच घालून दिलास. झाला नमस्कार. आता बातमी ऐक: तुझा कोश पुन्हा निघतोय!

एकतीस वर्षांनी. ‘हिंदुस्तानीतले अरबी शब्द आणि त्यांचे अर्थ’, आवृत्ती दुसरी. आणि प्रुफं तपासायला आमच्या प्रकाशनात कोण बसलंय, तर तुझी ही भाची. साहेब म्हणाले, कोर्टातले दुभाषी आणि इस्पितळातली मंडळी या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स वापरताहेत. एका बाईंनी तर फोन करून विचारलं की ‘म’च्या पुढची पानं कुणाकडे आहेत का, त्यांच्या खात्यात ‘म’नंतर सगळ्यांचंच अडतं. मी हसले, पण मनातून मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

दुरुस्त्या असतील तर लवकर पाठव. महिनाअखेरीला नव्हे, पुढच्या महिन्याच्या अखेरीला शेवटचा फर्मा मशीनवर चढेल.

एकच शंका आहे. पहिल्या पानावर ‘३६१३ शब्द’ असं छापलंय आणि मी मोजले तर भरतात ३६१२. नवीन आवृत्तीत काय छापू? बाबांना विचारावं म्हटलं, शेवटी पहिल्या आवृत्तीचे खिळे छापखान्यात त्यांनीच एकेक अक्षर करून हाताने जुळवले होते. पण कोशाचं नाव काढलं की ते उठतात आणि कुंड्यांना पाणी घालायला जातात. या आठवड्यात आमच्या कुंड्यांना चार वेळा पाणी मिळालं. एक झाड बहुतेक सडणार.

फोन का करत नाहीस?

तुझी टिंबू


७ फेब्रुवारी

चि. टिंबूस,

आशीर्वाद आहेतच. उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

फोन करत नाही कारण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने बनवते. बनवलेल्या शब्दांनी आधीच पुरेसा घोळ घातलाय. तोच आता सांगते.

मोठ्या कोशाआधी मी चारशे शब्दांची एक पुस्तिका काढली होती. सहा महिन्यांत ती दुसऱ्याच कुणाच्या नावाने बाजारात आली, माझ्या दोन चुकांसकट. तक्रार करायची तर सिद्ध काय करणार? शब्द काही माझ्या मालकीचे नाहीत. तेव्हा मी पंचवीस वर्षं कोर्टात दुभाषी होते, लबाडी कशी पकडतात ते रोज बघत होते. म्हणून मोठ्या कोशात मी सापळा लावला. एक शब्द स्वतःच्या डोक्यातून काढला. त्याला अरबी वळण दिलं, अर्थ दिला, वापराचं वाक्य दिलं. उद्या कुणी कोश ढापला की हा शब्द दाखवून त्याला उभा करायचा. फक्त एक शब्द. कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आतोबांनाही नाही.

कुठला शब्द, ते एका कागदावर लिहून ठेवलं. इतकं जपून ठेवलं की आजतागायत सापडलं नाही.

त्याच वर्षी तुझे आतोबा गेले. मग पुस्तक आलं, तुझ्या बापाशी, म्हणजे आमच्या खिळ्याशी, वाजलं, आणि सापळा मनाच्या तळाशी गेला. अधूनमधून वर यायचा, मी दाबून टाकायचे. म्हणायचे, जुनं पुस्तक, कोण वाचतंय. आणि आता तू सांगतेस की कोर्टात वापरतात, इस्पितळात वापरतात. टिंबे, माझ्या तोंडचं पाणी पळालं. एखादा नवखा दुभाषी तो शब्द पाठ करेल, ऐन जबाबात वापरेल, आणि समोरचा माणूस घाबरून ‘हो’ म्हणून बसेल. एका शब्दापायी माणसं आत गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आयुष्यात एकच काम नीट केलं असं वाटत होतं, त्यात मीच खोटं घालून ठेवलंय.

बसले होते काल पुस्तक उघडून. एकूण एक शब्द खरा वाटतो. मी बनवलंयच इतकं चांगलं, आता कुणाला सांगू!

तो शब्द शोध. पुस्तक पुन्हा छापायच्या आत.

आणि ३६१३ चं म्हणशील तर तुझ्या बापालाच विचार. मी कार्डं मोजून दिली होती. एका रिकामटेकड्या समीक्षकाने छापील शब्द मोजले आणि चारचौघांत लिहिलं की बाईंना मोजता येत नाही. खिळ्याच्या बोटांतून एक शब्द गळला, आणि ‘कुठला?’ विचारलं तर हा मख्ख. कार्डंही तोवर गेली होती, छापखान्याने त्यांच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या कुणाची प्रुफं काढली.

आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्या,

बसले. बसूनच राहिले थोडा वेळ.

साहेबांना काही बोलले नाही. बाबांनाही नाही. रोज कचेरीतून आल्यावर पुस्तक घेऊन बसते आणि संशयाने एकेक शब्दाकडे बघते. आतापर्यंत चार गुन्हेगार पकडलेत. तू फक्त मान हलव.

एक, जुलूस. हिंदुस्तानीत मिरवणूक, आणि तू लिहितेस की अरबीत ‘बसणे’. बसून मिरवणूक कुणी काढली आहे का? दोन, कसरत. अरबीत म्हणे ‘पुष्कळपणा’. तीन, गुस्सा, तर म्हणे ‘घशात अडकलेला घास’. आणि चौथा तर मला पक्का वाटतो: खसम. हिंदुस्तानीत नवरा, आणि अरबीत कोर्टातला प्रतिपक्ष! आत्या, हा विनोद तुझ्याशिवाय कोण करणार?

मला वाटतं खसमच. सांग, काढून टाकते, आणि आपण दोघी सुटू.

तुझी टिंबू


२१ फेब्रुवारी

चि. टिंबूस,

चारही निर्दोष आहेत. सोडून दे त्यांना, आणि हात जोडून माफी माग.

जुलूस म्हणजे बसणंच. राजा गादीवर बसायचा, त्या बसण्याचा थाटमाट व्हायचा, आणि हळूहळू बसणं मागे पडून थाटमाट तेवढा रस्त्यावर आला. कसरत म्हणजे तेच ते पुष्कळ वेळा करणं, एकदा बैठक मारून कुणाचं अंग कमावलंय? गुस्सा तर तुला कळायला हवा होता, तू लहानपणी रागावलीस की घास गिळायची नाहीस. आणि खसम शंभर टक्के खरा आहे. मी बनवला असता तर इतका उघड बनवला नसता.

बघ कसं झालंय. जे खरं आहे तेच बनावट वाटतं. गरीब म्हणजे अरबीत परका, अनोळखी. तकलीफ म्हणजे कुणावर काम सोपवणं. मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. हे असलं माणसाला सुचतं का? माझा शब्द यांच्याइतका वेडावाकडा नसणार. तो साधा, शहाणा आणि पटेल असा असणार. म्हणूनच सापडत नाही.

पण मला एक वाट सुचली आहे. माझी कामाची पद्धत तुला ठाऊक नाही. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. कार्डाच्या वरच्या कोपऱ्याला टाचणीने एक चिठ्ठी: हा शब्द कुणी उच्चारला, कुठे, कधी. ‘अर्जनवीस, कोर्टाचा व्हरांडा’, ‘शिंपी, माप घेताना’, ‘आरोपीची आई’. पुराव्याशिवाय शब्द घ्यायचा नाही असा माझा नेम होता. छापखान्यात कार्डं देताना मात्र सगळ्या टाचण्या मी स्वतः काढल्या, नाही तर खिळे जुळवताना खिळ्याची बोटं टोचली असती. चिठ्ठ्या माझ्याकडेच राहिल्या. बिस्किटांच्या सहा डब्यांत आहेत, कपाटावर.

बनवलेल्या शब्दाला चिठ्ठी कुठून असणार? ज्या छापील शब्दाला चिठ्ठी मिळणार नाही, तो चोर.

मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना दुपारी बोलावते. त्या चिठ्ठी वाचतात, मी पुस्तकात खूण करते. त्यांना भलताच नाद लागलाय. काल नवरा जेवायला बोलवायला आला तर म्हणाल्या, ‘आला माझा खसम.’

आत्या


५ मार्च

चि. टिंबूस,

आशीर्वाद द्यायलाही आज लाज वाटते.

सहाही डबे झाले. बारा दुपारी लागल्या. एकेका शब्दापुढे खूण केली, आणि प्रत्येक शब्दाला चिठ्ठी मिळाली. तीन हजार सहाशे बारा शब्द, तीन हजार सहाशे बारा चिठ्ठ्या. शेवटचा डबा उपडा करून झटकला, तळाला नुसता गंज.

याचा अर्थ मला एकच दिसतो. मी चिठ्ठीही खोटी केली होती. शब्द बनवला तो बनवला, वर पुरावाही बनवला, तोही असा की आज माझ्याच अक्षरातून मला ओळखू येत नाही. यातला कुठला तरी अर्जनवीस, कुठली तरी आरोपीची आई कधी नव्हतीच. मी कोर्टात आयुष्यभर शपथेवर बोलले गं. हे माझ्या हातून कसं झालं असेल?

बाई निघताना म्हणाल्या, ‘आज्जी, एका शब्दाने काय होतंय?’ त्यांना काय सांगू.

पुस्तक थांबव. साहेबांना माझं नाव सांग, माझी चूक सांग, काहीही लपवू नकोस. नोकरीवर बालंट येईल असं वाटलं तर हे पत्रच पुढे कर.

आत्या


८ मार्च

आत्या, आत्या, आत्या,

नमस्कार शेवटी करेन. आधी जीव भांड्यात पडू दे तुझा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी अडले: ‘तळाला नुसता गंज.’ अगं, बाबांनी खरा शब्द गाळला असता तर त्याची चिठ्ठी डब्यात उरायला नको होती का? तुझी कार्डं ३६१३. छापील शब्द ३६१२. जो शब्द गळला त्याची चिठ्ठी अनाथ होऊन पडलेली असायला हवी. ती नाही. म्हणजे जे कार्ड गळलं त्याला चिठ्ठी कधी नव्हतीच. म्हणजे गळलं ते कुठलं कार्ड?

मी बाबांकडे गेले. ते बाहेर चपलेचा अंगठा शिवत बसले होते. तुझी सगळी पत्रं मोठ्याने वाचून दाखवली, पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीपासून. पाणी घालायला उठतील म्हणून झारी आधीच लपवून ठेवली होती. पण ते उठले नाहीत. ‘सापळा’ शब्द आला तेव्हा सुई थांबली. मग म्हणाले, ‘सापळा होता? चोरांसाठी?’ मी म्हटलं, हो. मग हसायला लागले. बाबांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, डोळे पुसत होते आणि हसत होते.

आत गेले आणि जुन्या खिळ्यांची पत्र्याची पेटी घेऊन आले, चिमटा आणि दोरा ठेवतात ती. तळाला एक कार्ड. कोपरा माझ्यापुढे धरला. म्हणाले, ‘बघ. भोक नाही.’

तुझ्या टाचण्या निघाल्या होत्या, पण भोकं राहिली होती. तीन हजार कार्डं हातांखालून गेल्यावर बोटांनाच सवय झाली, म्हणाले, कार्ड उचललं की कोपऱ्यावर बोट जायचं. या एका कार्डाला बोट अडलं. पुरावा नाही. ते म्हणाले, ‘ताई त्या वर्षी फार थकली होती. घरात आजारपण, दिवसभर कोर्ट, त्यात कार्डं. थकल्या डोक्याला वाटतं, हा शब्द आपण कुठे तरी ऐकलाय. उद्या कुणी पकडला असता तर तिच्या सगळ्या कोशावर पाणी फिरलं असतं. म्हणून जुळवलाच नाही.’

मी विचारलं, मग तिला सांगितलं का नाही? तर म्हणाले, ‘सांगितलं असतं तर तिला माझ्यासमोर खाली बघावं लागलं असतं. शब्द गळला म्हटलं की चूक माझी, आणि खिळे जुळवणाऱ्याच्या चुका लोक धरूनच चालतात.’

आत्या, मला एवढंच माहीत होतं की बाबा आधी खिळे जुळवायचे आणि मग बाइंडिंगला गेले. का गेले ते काल कळलं. तू छापखान्याच्या मालकांना तक्रारीचं पत्र लिहिलं होतंस. बावीस वर्षं डिंकात हात घालून काढली त्यांनी. ते तक्रार करत नाहीत, पण मी तुझ्यापासून लपवणार नाही.

कोश स्वच्छ आहे. पहिल्या दिवसापासून स्वच्छ आहे. चिठ्ठ्या सगळ्या खऱ्या, तो अर्जनवीस खरा आणि ती आईही खरी. पुस्तक थांबवत नाही.

कार्डावर काय लिहिलंय ते मला वाचू दिलं नाही. ‘तिचं आहे, तिलाच दाखवीन’ म्हणाले.

आता नमस्कार.

टिंबू


११ मार्च

प्रिय खिळ्या,

एकतीस वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही. काय लिहायचं ते आज सकाळपासून चार कागद काळे करून ठरवलं आणि सगळं फाडलं. तेव्हा सरळच लिहिते.

चुकलं माझं. त्या समीक्षकाने चारचौघांत माझी शोभा केली, आणि मी ते खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. मालकांना लिहिलेल्या पत्रात मी ‘बेफिकीर’ हा शब्द वापरला होता. तुला! लहानपणी पेन्सिलीला टोक करायला तुला अर्धा तास लागायचा, आणि मी बेफिकीर म्हटलं. तेव्हाच बसून डबे तपासले असते तर एका आठवड्यात सगळं उलगडलं असतं. पण मला दोषी सापडला होता, मग पुरावा कोण शोधतो? पंचवीस वर्षं कोर्टात हेच बघितलं आणि घरी येऊन तेच केलं.

आणि तुला वाटलं, ताईने भ्रमात खोटा शब्द घातला. मला वाटलं, तू झोपेत खरा शब्द गाळलास. दोघांनीही एकमेकांना न केलेल्या चुकीबद्दल मनात शिक्षा देऊन टाकली. फरक इतकाच की तू शिक्षा स्वतः भोगलीस आणि मी ती तुला भोगायला लावली.

हिंदुस्तानीत इस्तीफा म्हणजे राजीनामा. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘मला माफ करा, मला मोकळं करा’ अशी विनंती. मी तुझ्याकडे त्या मूळ अर्थाचा इस्तीफा देते. मंजूर करायचा की नाही ते तू ठरव.

बोटं कशी आहेत तुझी?

ताई

ता. क. सापळा लावला चोरांसाठी आणि तूच तो उचलून खिशात घातलास. एकतीस वर्षं चोरांना मोकळं रान मिळालं. पण कार्डावर मी काय लिहिलं होतं रे? डोकं खाजवून दमले. आठवत नाही म्हणजे नाही.


१४ मार्च

ती. ताई,

पत्र मिळालं. मंजूर.

बोटं बरी आहेत. थंडीत आखडतात. बाइंडिंगचं काम वाईट नव्हतं, तुझ्या कोशाच्या उरलेल्या प्रतीही मीच बांधल्या, शिवण अजून सुटलेली नाही.

सापळा असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर तेव्हाच तुला सांगितलं असतं. तुझ्याविषयी नको ते धरून चाललो. तेवढी माझी चूक.

गुरुवारी येतो. कार्ड पोस्टाने पाठवत नाही, पोस्टावर माझा भरवसा नाही. टाचणी तुझ्याकडे असेल.

खिळ्या


१९ मार्च

चि. टिंबूस,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी अगदी पोटातून.

तुझे बाबा काल आले. सव्वाअकराला दारात उभे. मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. दार उघडल्यावर पहिलं वाक्य त्यानेच उच्चारलं, ‘बिजागर करकरतंय.’ तेल मागितलं, बिजागराला घातलं, दार चार वेळा उघडलं-मिटलं, आणि मगच आत आला. मी तेलाची बाटली धरून उभी होते आणि रडत होते. त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. लहानपणापासून तो असाच आहे.

केस गेले की गं त्याचे सगळे. तू कळवलं नव्हतंस.

चहा झाला. शेजारच्या बाई उगाच सुई मागायला आल्या आणि अर्धा तास बसल्या, त्यांना सगळी कथा ठाऊक आहे, त्यांच्यापासून काय लपवणार. मग त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून रुमाल, रुमालातून कार्ड. माझ्यापुढे ठेवलं. पिवळं पडलंय, पण अक्षर ठसठशीत आहे. बाईंनी वाचून दाखवलं. जसं होतं तसं उतरवून देते:

‘इर्तिखाल. नाम, पुल्लिंगी. हरवलं असं धरून चाललेलं माणूस समोर दिसताच सुटणारा श्वास. वापर: बाजारात धाकटा भाऊ सापडला तेव्हा बहिणीचा इर्तिखाल पलीकडच्या दुकानदारालाही ऐकू गेला.’

टिंबे, तो चार वर्षांचा होता आणि मी अकराची. माझ्या हातातून त्याचा हात सुटला. सगळा बाजार मी पालथा घातला. घरी काय तोंड दाखवू, असं वाटत होतं. शेवटी एका कुलपांच्या दुकानात फळीवर बसून हा किल्ल्या जुळवत होता. मी असा श्वास सोडला की दुकानदाराने वळून पाहिलं. तेव्हा मला वाटलं होतं की याला काही तरी शब्द हवा. पुढे इतक्या भाषा चाळल्या, मला कुठे मिळाला नाही. म्हणून सापळ्यासाठी शब्द बनवायची वेळ आली तेव्हा बहुतेक तोच हाताशी आला. आणि मी विसरले. मी विसरले, तो विसरला नाही.

मी विचारलं, ‘हे वाक्य वाचून तुला कळलं नाही का की हा शब्द माझ्या डोक्यातला आहे?’

तर म्हणाला, ‘वाक्यावरूनच तर कळलं. भोक नंतर पाहिलं.’

‘मग टिंबूला भोकाचंच का सांगितलंस?’

‘तिला काय सांगू? की ताईने माझ्यावर कार्ड लिहिलंय म्हणून मी ते ठेवून घेतलं?’ आणि लगेच म्हणाला, ‘कपाटाचंही बिजागर बघतो.’

बाई सुई न घेताच उठून गेल्या.

आता कामाचं. पहिल्या पानावर ३६१२ छाप, डोळे मिटून छाप. इर्तिखाल पुस्तकात घालायचा नाही, तुझ्या साहेबांनी गयावया केली तरी नाही. तो हिंदुस्तानी नाही आणि अरबी तर नाहीच. पण शेवटच्या पानावर एक ओळ घाल की पहिल्या आवृत्तीचे खिळे कुणी जुळवले. नाव घालू नकोस असं तो म्हणेल. ऐकू नकोस.

कार्ड माझ्याजवळ ठेवलंय. संध्याकाळी तो निघण्याआधी मी एक चिठ्ठी लिहिली, नेहमी लिहायचे तशी: ‘धाकटा भाऊ, माझ्या दारात, गुरुवार, सकाळी सव्वाअकरा.’ मला बारीक दिसत नाही म्हणून टाचणी लावायला त्याच्याकडे दिली. त्याने कार्डाचा कोपरा बोटाने चाचपला, चिठ्ठी जुळवली, टाचणी घातली आणि ‘स्स्’ केलं.

बोट तोंडात घालून मला म्हणतो, ‘टाचण्या तू काढायचीस म्हणून मला सवय नाही.’

तुझी आत्या